मोटरहोम: पाण्याचा पंप लावला की टच पॅनल बंद पडतंय, रात्री दोन दिवे मंद जळतात. कुठून तपासायचं?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेली गाडी आहे. आतली सगळी लाईट कॉम्प्युटरवर चालते, भिंतीवर साधं बटण एकही नाही. सोफ्याखाली बॅटरीशेजारी १६ आउटपुटचं मॉड्यूल (दिवे-पंप चालू-बंद करणारा डबा), दारावर टच पॅनल, आणि तीन कीपॅड: एक दारात, एक किचन ओट्याजवळ, एक मागे पलंगापाशी. सगळे कॅन बसवर, म्हणजे दोनच वायरींवरून एकमेकांशी बोलतात. बॅटरी २०० एएच लिथियम फॉस्फेट, वर ४०० वॅट सोलर, २ केव्हीए इन्व्हर्टर.

आता भानगड अशी की तीन-चार गोष्टी एकदम अंगावर येऊलाल्यात. नळ सोडला, पंप लागला की टच पॅनल काळं होतं आणि वीसेक सेकंदांनी परत उठतं. मोठ्या टाकीपेक्षा बेसिनच्या नळाला जास्त होतं, कारण तिथं पंप सारखा लागतो-थांबतो. दुसरं, रात्री सगळं ऑफ केलं तरी पलंगावरचे वाचायचे दोन दिवे काजव्यासारखे मंद जळत राहतात. तिसरं, कणकुंबी-चोर्ला बाजूला पाऊस लागला की मागचा कीपॅड मरतो, आणि कधी कधी त्याच्याबरोबर बाकीचे दोनही अडकतात. बॅटरीचा मेन स्विच बंद-चालू केला की पूर्ववत.

आणखी एक, याच्याशी संबंध आहे की नाही कळत नाही. चिकोडीकडच्या मळ्यात घराच्या प्लगवर गाडी लावली की घरातली आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) लगेच पडते. दुसऱ्या एका घरी आरसीसीबी नाही, तिथं पडत नाही, पण ओल्या पायानं गाडीच्या पायरीला हात लावला की झिणझिण्या येतात.

गाडी बांधणाऱ्याचं म्हणणं "मॉड्यूल गेलंय, नवीन घाला". माझ्याकडे मीटर आहे, क्रिंपिंगची पक्कड आहे. काय मोजू, कुठं मोजू?

उद्यमबाग_वायरमन

मॉड्यूलला अजिबात हात लावू नका. नवीन मॉड्यूल कोरं येतं; कुठला कीपॅड कुठला दिवा लावणार, डिमिंग किती, हे सगळं सेटिंग जुन्यात आहे. ते उतरवून न घेता बदललं तर आज चालतंय तेही बंद पडेल. तुमच्या चार तक्रारींची कारणं चार वेगळी दिसतात, आणि त्यातल्या एकाहीत मॉड्यूल दोषी असेल असं मला वाटत नाही.

आणि शेवटची तक्रार पहिली धरा. झिणझिण्या येणाऱ्या घरी गाडी परत लावू नका. त्याबद्दल इथं कोणीतरी नीट लिहील, तोवर प्लग काढून ठेवा.

पंपाचं सांगतो. डायफ्राम पंप चालताना ७-८ अँपिअर घेतो, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-अडीचपट ओढतो. तेवढ्या क्षणात पॅनलला मिळणारा दाब ९-१० व्होल्टच्या खाली गेला की पॅनलमधलं कॉम्प्युटरचं सर्किट स्वतःला रीसेट करतं. ते बिघाड म्हणून नाही, अर्धवट दाबावर चुकीचं काम करू नये म्हणून. त्यामुळे प्रश्न एवढाच: दाब कुठं गळतोय?

मीटरला मिन-मॅक्स बटण (सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा धरून ठेवणारं) असेल तरच झटका पकडता येईल. साध्या मीटरचा आकडा सेकंदात दोन-तीनदाच बदलतो, त्याला तो दिसत नाही. मीटर मिनवर ठेवून, दुसऱ्या माणसाला नळ सोडायला सांगून चार ठिकाणी मोजा. बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे खुद्द पोलवर, लगवर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या कडीवर) नाही. मॉड्यूलच्या इनपुटवर. पॅनलच्या मागच्या प्लगमध्ये. चौथं माप बहुतेक लोक घेतच नाहीत: काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल प्रोब पॅनलच्या निगेटिव्ह वायरवर. हे माप मात्र मॅक्सवर घ्या. दोन्ही निगेटिव्ह, म्हणजे शून्याजवळ यायला पाहिजे. पंप चालू असताना ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगचा सांधा खराब आहे, बाकी शोधायची गरजच नाही.

पंपाची वायर किती एमएमची (म्हणजे किती चौरस मिलिमीटरची) आहे तेही बघा. आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: तांब्याची दीड एमएम वायर मीटरला सुमारे १३ मिलिओहम, अडीच एमएम ८, चार एमएम ५. जाऊन-येऊन लांबी धरायची.

चिकोडी_एलईडी

मंद जळणाऱ्या दिव्यांबद्दल.

तुमच्या मॉड्यूलमध्ये रिले नाहीत, सेमीकंडक्टर स्विच आहेत. तो बंद असताना रिलेसारखी हवेची फट पडत नाही, थोडा प्रवाह गळतोच. त्यातून बऱ्याच मॉड्यूलमध्ये दिवा तुटलाय का ते तपासायला आउटपुट बंद असतानाही अगदी बारीक करंट मुद्दाम सोडलेला असतो. जुन्या फिलामेंट बल्बला त्याचं काहीच वाटलं नसतं. एलईडीला एक मिलिअँपिअर मिळाला तरी अंधारात डोळ्याला दिसतो.

पण थेट रेझिस्टर लावायच्या आधी गळती मॉड्यूलमधूनच येते ना, हे पक्कं करा. दिवे मंद जळत असताना त्या आउटपुटची वायर मॉड्यूलच्या प्लगमधून काढा. विझले, तर गळती मॉड्यूलची. तरीही जळत राहिले, तर करंट दुसऱ्याच वाटेनं येतोय. वाचायच्या दिव्यात यूएसबी चार्जिंगची खोबणी असेल तर ती कायम पॉझिटिव्हवर असते, आणि दिव्याचा निगेटिव्ह सांधा सुटला की त्यातून उलटा करंट शिरतो. मग रेझिस्टर लावून उपयोग नाही, तो सांधाच करायला हवा.

इथं मीटरवर विसंबू नका. दिवा काढून मोकळ्या वायरीत मोजलं तर ८-१० व्होल्ट दाखवील आणि तुम्हाला वाटेल आउटपुट चालूच राहिलंय. मीटर स्वतः काही ओढत नाही म्हणून तो खोटा दाब दिसतो. गॅरेजमधून ब्रेकलाईटचा २१ वॅटचा जुना बल्ब आणा, होल्डरला दोन वायरी लावा, आणि दिव्याच्या जागी तो जोडा. बल्ब अजिबात पेटला नाही आणि त्याच्या टोकांवर दाब शून्याजवळ आला, म्हणजे ती नुसती गळती. बल्ब लाल जरी झाला तर आउटपुट खरंच अर्धवट चालू आहे, आणि मग मॉड्यूलवर संशय घ्यायला जागा आहे.

गळतीच असेल तर प्रत्येक दिव्याच्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हला समांतर १ किलोओहम, अर्धा वॅटचा रेझिस्टर. दिवा चालू असताना त्यातून १३-१४ मिलिअँपिअर जातील, ०.२ वॅटच्या आत उष्णता, म्हणून अर्धा वॅट पुरतो. पाव वॅटचा घालू नका, फोमच्या छताला टेकून तापत राहतो. हीटश्रिंक स्लीव्ह चढवून दिव्याच्या मागे ठेवा.

मलप्रभा_काठ

पावसात कीपॅड मरतो तो भाग. कॅन बस म्हणजे पीळ दिलेल्या दोन वायरी, कॅन-हाय आणि कॅन-लो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सरळ खोड. दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रेझिस्टर. कीपॅड मधे मधे छोट्या फांदीनं जोडलेले. कंपनीनं स्वतःची भाषा केली असेल तरी मोटरहोमचं काम बहुतेक २५० किलोबिटवर चालतं आणि वायरींचे नियम तेच.

मेन बंद करून मोजायचं, चालू बसवर ओहम मोजले तर आकडा भलताच येतो. मेन बंद करताना आधी सोलरची वायर काढा, मग बॅटरी. उलटं केलं तर बॅटरीविना सोलर कंट्रोलर लाईनवर जास्तीचा दाब सोडू शकतो, आणि तेव्हा मात्र पॅनल खरंच जाईल. पाच मिनिटं थांबा, मग हाय आणि लोच्या मधे मोजा. ६० ओहम आले तर बस ठीक. १२० आले तर एक टर्मिनेटर दिसत नाही. ४० आले तर कोणीतरी तिसरा टर्मिनेटर घातलाय, कीपॅड बदलताना आतला छोटा स्विच तसाच राहिला की हे होतं. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी कुठंतरी एकमेकींना भिडल्यात.

१२० आले म्हणून लगेच टर्मिनेटर विकत आणू नका. वायर मधेच तुटली तरी पुढूनही १२० आणि मागूनही १२० दिसतात, कारण प्रत्येक तुकड्याला आपापला टर्मिनेटर दिसतो. पुढचा टर्मिनेटर काढा आणि मागच्या टोकाला मोजा. अजून १२० येत असतील तर मागचा शाबूत आहे; वायर मधे तुटलीय किंवा पुढचा टर्मिनेटर गेलाय. काहीच येत नसेल तर मागचा टर्मिनेटर गेलाय.

मोजताना एकाने वायर हलवत राहा, प्लग ढकलत राहा. मागचे क्लिअरन्स दिवे जिथं बॉडीतून बाहेर पडतात तिथल्या भोकातून पाणी आत येतं आणि वायरीवरून ओघळत थेट कीपॅडच्या प्लगमध्ये उतरतं. मागच्या बाजूला मगाने पाणी ओतून बघा, पावसाची वाट कशाला बघायची.

सगळे कीपॅड एकदम का अडकतात, त्याचं उत्तरही इथंच आहे. बस एकच, सगळ्यांनी आळीपाळीनं बोलायचं. मागच्या कीपॅडचा सांधा खराब झाला की त्याला सगळ्यांचे निरोप चुकीचे ऐकू येतात, आणि नियमाप्रमाणे तो प्रत्येक वेळी "चुकलं" असा इशारा बसवर टाकतो. त्या इशाऱ्यात इतरांचे धड निरोपही मोडतात. कोणत्याही यंत्राचा पाठवतानाच्या चुकांचा हिशोब २५५ च्या पुढं गेला की ते स्वतः बसवरून बाजूला होतं. काही कीपॅड थोड्या वेळानं आपोआप परत येतात, काही वीज तोडून दिल्याशिवाय येत नाहीत. म्हणून तुमचा मेन स्विचचा उपाय लागू पडतोय.

जांबोटी_रोड

सगळं मोजलं. तसेच आकडे देतो.

पंप सुरू होताना मिन: बॅटरीवर १३.२, मॉड्यूलवर १३.०, पॅनलच्या प्लगमध्ये ९.६. पॅनल निगेटिव्ह ते बॅटरी निगेटिव्ह मॅक्स: १.९ व्होल्ट. क्लॅम्प मीटर आणलं होतं, सुरुवातीचा झटका १८ अँपिअर, नंतर ८.

पॅनलची पॉझिटिव्ह वायर उकरून बघितली तर ती बॅटरीवरून आलेलीच नाही. किचनखाली पंपाच्या रिलेच्या ३० नंबर पिनला सांधा मारून तिथून घेतलीय. पंपाची वायर दीड एमएम, बॅटरीपासून ७ मीटर. दोघांचा निगेटिव्ह एकाच स्क्रूवर, बॉडीच्या पत्र्यात, रंगावरच आवळलेला. स्क्रू काढला तर खाली तांबूस गंज.

कॅन बस: कोरडं असताना ७२, मागचा प्लग हलवला की ८५-९०, पाणी ओतून थोड्या वेळानं १२०. पुढचा टर्मिनेटर काढून मागे मोजलं तेव्हा १२० मिळाले. मागच्या प्लगमधली एक पिन हिरवी पडलीय. वायर नेटवर्कवाली निळी केबल आहे, आत एकेकच जाड तार.

वाचायचे दिवे: आउटपुट काढलं की विझतात. २१ वॅटचा बल्ब लावला, पेटला नाही, ०.०२ व्होल्ट.

उद्यमबाग_वायरमन

वा, असे आकडे दिले की उत्तर द्यायला बरं वाटतं. बघा हिशोब कसा बसतो: १३.२ मधून ९.६ गेले, ३.६ व्होल्ट गायब. त्यातले १.९ निगेटिव्हच्या स्क्रूत. राहिले १.७, ते पॉझिटिव्हच्या वायरीत. ७ मीटर दीड एमएम म्हणजे ९३ मिलिओहम, गुणिले १८, बरोबर १.७ च्या आसपास. मॉड्यूलवर १३.० आहेत, म्हणजे त्याला त्रासच नाही.

दुरुस्ती अशी करा. पॅनलची वायर पंपापासून पूर्ण तोडा. बॅटरीजवळच्या बसबारवरून (सगळ्या वायरी जोडायची तांब्याची पट्टी) पॅनलला स्वतंत्र जोडी ओढा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. पॅनल अँपिअरभर घेतं, त्याला दीड एमएम पुरते. पंपाला चार एमएमची जोडी, तीही निगेटिव्ह बसबारपर्यंत नेलेली, बॉडीत अडकवलेली नाही. १४ मीटर जाऊन-येऊन, ७० मिलिओहम, सुरुवातीला सव्वा व्होल्ट पडेल, चालताना अर्धा. पंपाला तेवढं चालतं, आणि आता त्याच्या वाटेत पॅनल नाही.

बॉडीचं अर्थिंग वेगळं ठेवा. पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर, लग, नट आणि वरून ग्रीस. पण करंट त्यातून नेऊ नका.

पंपाच्या दोन टोकांवर १एन५४०८ डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला. मोटर बंद होताना उलटा झटका देते, तो डायोडमध्ये विरतो. पट्टी उलटी लागली तर सरळ शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, दोनदा बघून लावा. रिलेच्या ८५-८६ वरही १एन४००७ लावा, मॉड्यूलचं आउटपुट वाचेल. रिलेच्या आत आधीच डायोड असेल तर त्याच्या अंगावर चिन्ह असतं, मग ८५ आणि ८६ ची अदलाबदल करायची नाही.

मलप्रभा_काठ

७२ चा अर्थ सांगतो. पुढचा १२० आणि मागचा १२० अधिक सांध्यातला जास्तीचा विरोध, यांचं समांतर ७२ येतं तेव्हा सांध्यात ६० ओहम आहेत. हिरवी पिन ती हीच. टर्मिनेटर चांगला आहे, ठेवा.

पिन घासून पॉलिश करून परत लावू नका, आतून गंज पुन्हा येतो. प्लगची जोडीच बदला, रबर सीलवाली डीटी सिरीज घ्या, चार पिनची, आणि वायरीच्या जाडीला बसणारंच सील. नेटवर्कची एकतारी केबल मात्र सगळी काढून टाका. घरात भिंतीत ती वर्षानुवर्षं चालते. खानापूरच्या पुढच्या खड्ड्यांत एकेक तार वाकून वाकून पिनच्या तोंडाशी तुटते आणि बाहेरचं प्लॅस्टिक शाबूत दिसतं. अनेक तारांची, पीळ असलेली, शिल्डवाली ०.७५ एमएम जोडी घ्या. शिल्ड एकाच टोकाला निगेटिव्हला जोडायचं, दोन्हीकडे नाही. इन्व्हर्टरच्या जाड केबलपासून हातभर लांब न्या, ओलांडावीच लागली तर काटकोनात. प्लगच्या आधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, प्लगपर्यंत पोचणार नाही. भोकाला रबर ग्रोमेट आणि बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉनवर नंतर रंग धरत नाही.

निपाणी_पॅनलबोर्ड

आता बाहेरची लाईट. हे मी सगळ्यात आधी वाचायला हवं होतं.

झिणझिण्या येणाऱ्या घरात प्लगला अर्थिंग नाही, ही जवळपास खात्री. तीन पिनचं सॉकेट असतं, आत तिसरी वायरच नसते. तुमच्या इन्व्हर्टर-चार्जरच्या इनपुटला गोंगाट गाळायचे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. नसेल, आणि गाडीत न्यूट्रल-अर्थ एकत्र बांधलेले नसतील, तर गाडीची अख्खी बॉडी ११०-१२० व्होल्टच्या आसपास तरंगत राहते, आणि गाडी रबरी टायरवर उभी. आज झिणझिण्या आहेत. उद्या हीटर किंवा चार्जरमध्ये इन्सुलेशन फुटलं तर बॉडीवर पूर्ण २३० येतील आणि पाडायला काहीच नसेल.

कुठंही लावायच्या आधी सॉकेटमध्ये मोजा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ तेवढेच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभरच्या घरात किंवा अस्थिर आलं तर प्लग घालू नका. सिरीज बल्बनं अर्थ तपासायची पद्धत वायरमनवर सोडा. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून घरातल्या फ्रिजच्या, मोटरच्या बॉडीवर फेज जातो.

मळ्यातली आरसीसीबी पडते ते कारण वेगळं, आणि आरसीसीबी तिचं काम बरोबर करतेय. गाडीत न्यूट्रल आणि अर्थ कायमचे एकत्र बांधलेले असणार. इन्व्हर्टरवर चालताना तसं बांधणं योग्य. पण बाहेरची लाईट घेतली की परत जाणारा करंट न्यूट्रल आणि अर्थ दोन्हीतून वाटला जातो, घरची ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी तो फरक पकडते आणि पडते. तपासणी सोपी: प्लग बाहेर, इन्व्हर्टर बंद, गाडीच्या इनलेटच्या न्यूट्रल आणि अर्थ पिनमध्ये कंटिन्युइटी. मीटर वाजला तर बांध कायमचा आहे, आणि मग अर्थिंग नसलेल्या घरात बॉडी थेट सॉकेटच्या न्यूट्रलला जोडली जाते; तिथं फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बॉडीवर पूर्ण २३०. तो चेंजओव्हरच्या (बाहेरची लाईट की इन्व्हर्टर हे बदलणाऱ्या स्विचच्या) आतल्या रिलेतून घ्या, म्हणजे इन्व्हर्टरवर असतानाच जुळेल. गाडीच्या आत इन्व्हर्टरनंतर स्वतःची ३० मिलिअँपिअर आरसीसीबी आणि दोन पोलची एमसीबी हवीच, कारण गावातल्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील याचा नेम नाही.

दिव्यांशी संबंध विचारलात तो इथं आहे. उसाला पाणी पाजायच्या वेळी सगळ्या मोटरी लागल्या की दाब १८० च्या खाली जातो. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर असेल तर तो बाहेरची लाईट सोडतो, परत घेतो, पुन्हा सोडतो. प्रत्येक वेळी १२ व्होल्टची बाजू १३.२ वरून १४.४ आणि परत. दिवे कमी-जास्त होतात आणि लोक डिमर बदलत बसतात. मळ्यात मोड वाइड रेंजवर ठेवा. केबल तीन कोअर अडीच एमएम, रीळावरून पूर्ण उलगडून. गुंडाळलेली तशीच ठेवली तर आतल्या आत तापते.

जांबोटी_रोड

इनलेटवर मीटर वाजला. रिलेचं काम पात्रता असलेल्या माणसाकडूनच करून घेतो, तोवर बाहेरची लाईट बंद. पॅनलची नवी जोडी टाकली, आता पंप सुरू होताना १३.० च्या खाली जात नाही. नवे प्लग बसवले, बसवर ६० ओहम, मगाने पाणी ओतलं तरी ६०. पंपाची चार एमएम अजून टाकायचीय. पॅनलच्या नव्या वायरीला फ्यूज कितीचा, आणि पॅनलजवळ की बॅटरीजवळ?

उद्यमबाग_वायरमन

बॅटरीजवळ, बसबारपासून वीतभराच्या आत, ३ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. फ्यूज पॅनलसाठी नसतो, मधल्या वायरीसाठी असतो. दारापाशी लावलात तर सोफ्याखालून दारापर्यंतची अख्खी वायर उघडी राहते. पंपाचा १५ चा तसाच ठेवा, तोही बसबारशेजारी. चार एमएमला टोकांना तांब्याचे लग, हातानं दाबलेले नकोत, षटकोनी डाय असलेल्या पक्कडीनं दाबा आणि ओढून बघा. वायर सरकली तर तोच लग परत दाबायचा नाही, कापून नवा घालायचा.

चिकोडी_एलईडी

रेझिस्टर लावल्यावर दिवे पूर्ण विझतायत का ते रात्री छतावरचे बाकी दिवे बंद करून बघा, दिवसा कळत नाही. अजून किंचित दिसत असेल तर १ किलोओहमच्या जागी ४७० ओहम, पण तो एक वॅटचा घ्या.